पहिला घोट काढनाऱ्याचा

आमच्या गावात दोन मानसांचे कान कापले गेले. पहिला मलप्पानं कापला, दुसरा मी. दुसऱ्याचं शेवटाला सांगते, घाई करू नका. अर्ध्यातून उठायचं आसंल तर आत्ताच उठा, अर्धवट ऐकनाऱ्या मानसाचा मला लई राग येतो.

मी बानो. बिलोलीच्या अलीकडं, मांजरेच्या काठाला आमचं गाव. तिथं शिंदीच्या दुकानासमोर तीस वर्सं माझा गाडा व्हता, उकडलेले हरभरे आन् मिरचीची भजी. शिंदी मी कधी जिभेला लावली न्हाई, आमच्यात हराम हाय. दुकान श्रीमंतच्या बापाचं, मागून श्रीमंतचं. दुकानाच्या आवारात एक हीर हाय. तिचं पानी इतकं खारं की तेच्यात माझे हरभरे कधी शिजलेच न्हाईत. दोन घंटे उकळा न्हाईतर चार, दाना दगडच. म्हनून मी रोज नदीकाठच्या हापशावरून दोन घागरी डोक्यावर आनायची. ती हीर ध्यानात ठेवा.

मलप्पा त्या दुकानाला शिंदी द्यायचा. शिंदीचं झाड म्हंजे खजुराची रानटी भैन. हिवाळ्यात शेंड्याखाली तासायचं आन् तिथं मडकं बांधायचं, रातभर थेंब थेंब गळतं. उन्हाच्या आत उतरवलं तर नुसतं साखरपानी, ती नीरा, लेकराला बी चालते. दुपार चढली की फसफसते, मग ती शिंदी. यंदा या अंगाला तासलं तर पुढच्या खेपेला पल्याडच्या अंगाला, म्हनून जुनं खोड नागमोडी दिसतंय. मलप्पा खाचा मोजून झाडाचं वय सांगायचा. स्वतःचं वय मात्र कुनी विचारलं तर शिवी द्यायचा.

आन् तेची जीभ! या अल्ला, तशी जीभ मी दुसऱ्या कुनाची बघितली न्हाई. नदीकाठच्या काळ्या मातीतली शिंदी घट्ट, गोडसर, सावकाश चढनारी. माळावरच्या मुरमातली पातळ, झोंबरी, दोन गिलासात मानूस भावाच्या अंगावर जातो. नाल्याकडची खारट, टाळूला चिकटनारी. हे आमच्या गावात कुनी बी सांगंल. मलप्पा पुढचं सांगायचा. एकदा नांदेडचे चार शहाने आले, तीन रानातली शिंदी एकात मिसळून तेच्यापुढं ठेवली. तेनं एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला आन् म्हनला, "दोन वाटे नदीची, एक वाटा माळाची. माळाची ती वडाजवळच्या वाकड्या झाडाची हाय, तेच्या बुडाला कुनीतरी शेनखत टाकलंय. आन् नाल्याची तुमी घातलीच न्हाई, लबाडांनो." खरंच न्हवती घातली. त्या चौघांची तोंडं बघायसारखी झालती.

तेचा एक नेम व्हता, तेच्या बापापासून चालत आलेला. पहिला घोट काढनाऱ्याचा. मडकं कुनाला बी द्यायच्या आधी, तेच्या डोळ्यांदेखत, काढनाऱ्यानं एक घोट प्यायचा. थुंकायचं न्हाई. थुंकला म्हंजे आपल्याच मालात खोट हाय असं कबूल केलं. एकच घोट, दुसरा न्हाई. म्हनून रोज वीस मडकी हाताळून बी मलप्पाला कुनी झिंगलेला बघितला न्हाई. तेच्या मडक्यावर चुन्याच्या तीन रेघा असायच्या. तीन रेघा दिसल्या की लोक डोळे झाकून घ्यायचे.

पहिल्या कानाचं सांगते. किल्लारीच्या भूकंपाआधी चार वर्सं झाली असतील. एक ट्रकवाला आला, नदीतून रेती न्हेनारा. घोट घेतला आन् मोठ्यानं म्हनला, "पानी घालतो म्हातारा." मलप्पा तवा म्हातारा बी न्हवता, पंचेचाळिशीचा असंल. तो म्हनला, "परत बोल." तो परत बोलला. मलप्पाच्या कमरेला कायम कोयती. मी भजी तळून राहिले व्हते, मला नुसतं चमकलेलं दिसलं. मग ट्रकवाला गालाला हात लावून बसलेला आन् कान हरभऱ्याच्या पाटीत. माझ्या पाटीत! मी मलप्पाला म्हनले, "मामा, माझी पाच शेर हरभऱ्याची पाटी नासवलीस, मेल्या." सहा महिने जेलात बसला. आला तो मान न झुकवताच आला. म्हनायचा, मानसानं मला मारावं, माझ्या मालाला मारू नये. जित्याची खोड, दुसरं काय.

मग तो भूकंप झाला.

मलप्पाला एकच लेक, महानंदा. तिला किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात भुजंगला दिली व्हती. रेडूवर बातमी ऐकली तसा मलप्पा जीपच्या टपावर बसून गेला. मी हिकडं रोज्यावानी उपाशी बसले, महानंदा माझ्या मांडीवर भजी खाऊन वाढलेली. तिसऱ्या दिवशी तो आला. अंगावर चिखल, दोन्ही हाताची नखं गेलेली, आन् फडक्यात गुंडाळलेली एक वर्साची पोर.

तेनं जे सांगितलं ते एकदाच सांगितलं, मी बी एकदाच सांगते. माळवद बसलं व्हतं, दगडं-माती घरभर. भुजंग जागीच गेलेला. पोर गव्हानीखाली सापडली. वर देवनी गाय मरून पडलेली, तिच्या वजनानं गव्हान वाकडी झाली पर फुटली न्हाई. महानंदाला तेनं कोयतीनं लाकडं तोडून तोडून बाहेर काढलं. तिची दोन्ही कानं फाटलेली व्हती. भूकंपानं न्हाई. कुनीतरी आधी येऊन कानातलं ओढून न्हेलं व्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हुडकला." तो म्हनला. "दोन गल्ल्या पुढं एक जन रुमालात गाठ बांधून चाललेला. रुमाल सोडला तर तिची फुलं. मी दगड घेतला. मिलिटरीवाल्यांनी मला वढलं तवा तेचा चेहरा वळखू येत न्हवता. जगला का मेला मालूम न्हाई." मग नखं गेलेल्या बोटांनी पोरीचं फडकं सारखं केलं आन् म्हनला, "बानो, मी बी कान कापला व्हता की गं. तेच फिरून तिच्या कानाला लागलं."

मी तेला म्हनले, गप बैस, असं कुठं असतंय. पर तेच्या मनातून ते कधी गेलं न्हाई.

पोरीचं नाव जया. ती दूध पिईना. वाटीनं पाजलं तर ओकायची. माझी जेबा तवा आठ महिन्यांची. मी जयाला घेतली आन् पदराखाली धरली. धरली तशी ती अशी लागली की मला वरडावं वाटलं. आमच्यात दूध पाजलं की लेकरू आपलंच होतंय, तेला कागद लागत न्हाई. जेबा आन् जया एका दुधाच्या भैनी झाल्या. जया मला अम्मा म्हनायची आन् मलप्पाला ताता. सीमेकडं तेलुगू लोक आज्याला ताता म्हनतात, मलप्पाच्या घरात तसंच.

पोरगी हुशार निघाली. इतकी हुशार की मला भ्या वाटायचं. दहावीला बिलोली तालुक्यात पहिली-दुसरी आली आन् मास्तर म्हनले, हिला लातूरला घाला, डाक्टर व्हईल. तवा लातूरचं येडच लागलेलं सगळ्यांना. कुनाचं बी पोर जरा बरं निघालं की लातूर. तिथल्या गल्ल्यांत घर तिथं क्लास आन् खोली तिथं चार कॉट.

त्याच उन्हाळ्यात श्रीमंतनं पावडर आनली. पांढरी, गोनीत. एका मडक्याला चिमूटभर टाकली की हिरीचं पानी बी चढतं. झाड नको, तासनं नको, हिवाळा नको. वर साखरीन आन् फेसाला सोडा. पिनारा दोन महिन्यांत असा अडकतो की एक दिस मिळाली न्हाई तर हात थरथर, डोळे फिरलेले, घरच्यांना चावायला धावतो. मी माझ्या डोळ्यानं एकाला सवताच्या आईचे केस उपटताना बघितलंय. श्रीमंत मलप्पाला म्हनला, "तू आता झाडावर चढू नको म्हाताऱ्या, नुसती तुझी मडकी दे. लोकांना तीन रेघा लागतात."

मलप्पानं पहिल्यांदा पावडरीची गोनी फाडली. मग श्रीमंतचं तोंड फोडलं, पुढचे दोन दात मातीत पडले. मग कोयती काढली. मी वरडले, "जया!" कारन तेला थांबवनारं दुसरं कुनी न्हवतं. जया पळत आली आन् मधी शिरली. सोळा वर्साची पोर, कोयती तिच्या डोक्यावर एक वीत.

ती रडली न्हाई. म्हनली, "ताता, खाली घे. तू परत जेलात जानार, आन् मी लातूरला कुनाच्या जिवावर राहू? माझी शपथ हाय. आजपासून तू कुनावर हात उचललास तर मी पुस्तकं मांजरेत फेकीन आन् बारावीचा पेपर देनार न्हाई."

"आसं म्हनू नको," मलप्पा म्हनला.

"ठेव माझ्या डोक्यावर हात."

तेनं ठेवला. श्रीमंत तोंडातलं रगत पुसत हसून राहिला, मला तेचं हसू आजून दिसतंय. मला वाटलं, आपन झाऱ्यानं हान्नावं तेला. न्हाई हानला, आन् पस्तावले.

जयाला सोडायला आमी दोघं लातूरला गेलो. क्लासच्या पायरीवर ही रांग. खिडकीतल्या मानसानं विचारलं, "पालक काय करतात?" जया पटकन म्हनली, "शेती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडनार तेवढ्यात मलप्पानं माझं मनगट दाबलं. बाहेर आल्यावर म्हनला, "बरोबरच बोलली की. झाडं म्हंजे शेतीच." पर गाडीत नांदेड येईस्तवर तो खिडकीतून तोंड काढून बसला.

दोन वर्सं तेनं शपथ पाळली. कशी पाळली ते मला इचारा. श्रीमंतला माल द्यायचं बंद केलं आन् नदीकाठी आपल्या झाडांखालीच विकायला लागला. तेची चाळीस मडकी दुकानात अडकली व्हती ती श्रीमंतनं दिली न्हाईत. श्रीमंतची मानसं रोज काही ना काही करायची. एकदा झाडाखालची मडकी फोडली. एकदा तेच्या दोरावर चाकू फिरवला, तो अर्ध्या झाडावरून पडला आन् बरगडी मोडली. तेच्या तोंडावर थुंकले. मलप्पा दोन्ही हात पाठीमागं बांधून हुभा. मी म्हनायची, "मामा, एक तरी ठेवून दे रे, मी जयाला सांगत न्हाई." तो म्हनायचा, "डोक्यावर हात ठेवलाय बानो. पेपर झाला की बघू." कोयती कमरेलाच, पर झाडाशिवाय कशाला लागली न्हाई.

बारावीच्या पेपराला सहा दिवस राहिले व्हते. माघ सरत आलेला. सकाळी आरडाओरड झाली, आमच्याच गावातल्या यशोदाबाईचा नवरा मेला. आदल्या दिवशी दुकानात पिला, घरी येऊन आडवा झाला तो उठलाच न्हाई, तोंडाला फेस. कुनीतरी पावडर चिमटीच्या जागी मुठीनं टाकली असनार. आता श्रीमंतच्या तोंडचं पानी पळालं. पर डोकं चोराचं. तेनं आवारात चुन्याच्या तीन रेघांचं मडकं आनून ठेवलं आन् बोंब मारली, "मलप्पाचा माल हाय! माझ्या दुकानात आनून ठेवला, मला बदनाम करायला!"

यशोदाबाई नवऱ्याला तसाच टाकून पुढं निघाली, मागं पंधरा-वीस जन. झाडाखालून मलप्पाला धरून आनला. धरून म्हंजे पाय धरून, डोकं दगडांवरून आपटत. आवारात आनून टाकला आन् काठ्या सुरू. मी आडवी गेले. कुनीतरी माझा गाडा उलटवला, कढईतलं तेल पायावर आलं. ही खूण बघा, अजून कातडी नीट आली न्हाई. मी तशीच लंगडत वरडून राहिले, आरे सोडा, आरे तो न्हवं! कुनी ऐकतंय व्हय. एकानं काठी डोक्यात घातली तवा मलप्पाचा एक डोळा रगतानं बंद झाला.

आन् तेचा हात कमरेला गेला. दोनदा गेला. मी बघितलं. कोयतीच्या मुठीला बोटं लागली आन् दोनदा परत आली.

यशोदाबाईनं काठ्या थांबवल्या. मडकं उचलून तेच्यापुढं आदळलं. "हे मडकं तुझं हाय का न्हाई?"

"मडकं माझं हाय."

"मग पी. पहिला घोट काढनाऱ्याचा. पी!"

न्हाई म्हनला असता तर? तर गुन्हा कबूल, तिथंच मारला असता. हात उचलला असता तर? चार जनांना लोळवून नदीपार गेला असता, साठी उलटली तरी तेच्या दंडात तेवढी ताकद व्हती. तिसरा रस्ता तेला बापानं शिकवलेला. तेनं मडकं उचललं आन् घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

"यात झाडच न्हाई," तो म्हनला.

श्रीमंत वरडला, "बघा, तोंड वाकडं केलं! खोटं बोलतो!"

आता तिथं तेनं थांबायचं व्हतं. एक घोट झाला, नेम झाला, मडकं खाली ठेवायचं. जन्मभर एकाच घोटावर थांबलेला मानूस. पर तेच्या जिभेला कुनी खोटं म्हनलं व्हतं ना. मी वरडले, "मामा, ठेव खाली!" तेनं दुसरा घोट घेतला. डोळा मिटला. "साखरीन हाय. सोडा हाय." तिसरा घेतला. लई मोठा घेतला. "पावडर. मूठभर पावडर हाय यात, भाड्यानो." तेनं मडक्यात बघितलं, मग सगळ्यांकडं बघितलं, आन् चौथ्यांदा मडकं तोंडाला लावलं. तळ गाठला.

"आन् पानी," तो म्हनला, "पानी ह्याच आवारातलं. ह्या हिरीचं. असली खार सगळ्या शिवारात दुसरीकडं न्हाई. माझी झाडं नदीवर हायत. मी हिरीचं पानी हितनं न्हेऊन मडक्यात भरून परत हितंच आनून ठेवलं व्हय रे?"

मग मी म्हनले. "हाव. त्या पान्यात माझे हरभरे तीस वर्सं शिजले न्हाईत. सगळ्या गावाला मालूम हाय. वता हिरीचं पानी आन् चाखा, न्हाईतर वता मडक्याच्या तळाचं."

यशोदाबाईनं पोहऱ्यानं पानी काढलं, तोंडात घेतलं. मडक्याच्या तळाचं बोटानं जिभेला लावलं. मग तिनं बोहारीन भांडं फेकते तसा पोहरा श्रीमंतच्या तोंडावर फेकला. लोक तेच्याकडं वळले तसा तो घरात पळाला आन् आतून कडी घातली. लोकांनी दुकान फोडलं, पिंपं फोडली, गोन्या हिरीत टाकायला निघाले ते मी थांबवलं. पर मलप्पाकडं कुनी बघितलं न्हाई. तो बसल्या जागी कलंडला.

मी तेचं डोकं मांडीवर घेतलं. जीप येईस्तवर शुद्धीत व्हता, बोबडं बोलत व्हता. "बानो, जयाला सांग. हात उचलला न्हाई." मी म्हनले, "तूच सांग की मेल्या." बिलोली लांब न्हवतं, पर तो मधीच गेला.

कागदावर काय लिहिलं मालूम हाय? 'जादा मद्य प्यायल्यानं मृत्यू.' पंचनामा करायला आलेल्यानं श्रीमंतच्या ओसरीवर बसून, श्रीमंतचा चहा पिऊन लिहिलं. काठ्यांचं न्हाई, पावडरीचं न्हाई. जन्मभर एका घोटाच्या वर न गेलेला मानूस कागदावर दारुडा झाला. आन् यशोदाबाईचा नवरा आधीच जाळून टाकलेला, तेचा बी पुरावा न्हाई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हनतात ते असं.

जया आली. मी तिला सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं न्हाई. दोनदा हात कमरेला गेला आन् दोनदा परत आला, ते बी सांगितलं. ती म्हनली, "अम्मा, शपथ मी घातली."

"मग?"

"मी घातली नसती तर तो वाचला असता."

मी तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दोघी रडलो. काय बोलनार, खोटं थोडंच व्हतं ते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून परत आलो. पेपर परवावर आलेला. जयाची पिशवी भरून दारात ठेवलेली, जेबा तिला अकराच्या देगलूरच्या गाडीला सोडनार, तिथनं लातूर. मी आतून भाकरी बांधून आनते तर दारात पिशवी हाय, जया न्हाई, आन् खुंटीवरची कोयती न्हाई.

भाजक्या पायानं मी कशी पळाले मला सांगता येत न्हाई. श्रीमंत दुकानाच्या पायरीवर बसलेला, नवी पिंपं आलेली, अंगाला तेल लावून राहिला. जयाला बघून म्हनला, "ये पोरी. मला बी लई वाईट वाटलं. म्हाताऱ्यानं जरा जास्तच घेतली." जयानं दोन्ही हातांनी कोयती वर केली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड कोयती," मी म्हनले.

"न्हाई सोडत. ह्यो असा बसलेला असताना मी काय पेपर लिहू, अम्मा? ह्यो असाच बसनार आन् मी तिकडं जाऊन उत्तरं लिहू? मी जानार न्हाई."

माझ्या तोंडापर्यंत आलं व्हतं, माझ्या दुधाची शपथ हाय तुला. जिभेच्या टोकावर आलं. पर एका शपथेनं काय केलं ते मी चार दिवसांपूर्वी मांडीवर घेऊन बसले व्हते. मी शपथ गिळली. कोयती तिच्या हातातून हिसकली, श्रीमंतचे केस धरले आन् डावा कान उतरवला. तेल लावलेला व्हता म्हनून जरा निसटला, दुसऱ्या खेपेला आला. असा वरडला की बैल बुजले. मला वाईट वाटलं न्हाई, खरं सांगते, लई बरं वाटलं.

"झालं," मी जयाला म्हनले. "आता तो बसलेला न्हाई, लोळतोय. जा. अकराची गाडी."

ती माझ्या हाताकडं बघत हुभी.

"माझ्याकडं बघू नको, गाडीकडं बघ! ज्यानं शपथ पाळली तेच्यासाठी जा." जेबानं तिला वढत न्हेलं. मी पायरीवर बसून राहिले, कोयती मांडीवर, कुनी जवळ यायला तयार न्हाई. जरा वेळानं यशोदाबाई आली आन् माझ्या शेजारी बसली. गाडीचा हॉर्न वाजला, गाडी फाट्यावरून वळली, तवा मी म्हनले, आता बोलवा कुनाला बोलवायचं ते.

काहींनी मुसलमान बाईनं हिंदूचा कान कापला असं करायचं बघितलं. कोर्टात यशोदाबाई हुभी राहिली आन् म्हनली, "मी तिथंच व्हते साहेब. उन्हाचं मला काय दिसलं न्हाई." सगळं कोर्ट हसलं. मी मात्र कबूल झाले, कापला म्हनले. साहेबांनी विचारलं, पस्तावा व्हतो का? मी म्हनले, व्हतो, दोन वर्सं आधी झाऱ्यानं हान्नायचा राहिला त्याचा. केसमधी जयाचं नाव कुठंच आलं न्हाई.

पावसाळ्यात ती मला जेलात भेटायला आली, जेबाला घेऊन. हातात फॉर्म. नांदेडच्या डाक्टरीच्या कॉलेजात नंबर लागला व्हता. पालकाची सही पायजे म्हनली, ताता तर न्हाई. मला वाचता येत न्हाई. मी जेबाला म्हनले, काय काय लिहिलंय ते वाच, हिचा भरोसा न्हाई, परत शेती लिहिली असंल.

जेबा वाचायला लागली. "सांभाळ करणारे: आजोबा मलप्पा, मयत. धंदा: शिंदी काढणे. पालक: बानो. नातं: आई. धंदा: हरभरे विकणे."

मी जेबाला ती ओळ परत वाचायला लावली. मग म्हनले, "सध्या जेलात हाय ते बी लिही की बया, लपवतेस कशाला."

अंगठ्याला शाई लावून देनारी बाई पोलीस तो फॉर्म बघून राहिली. एकदा जयाच्या कपाळावरच्या टिकलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हनली, "ही कोन तुझी?"

मी म्हनले, "तुमाला तर वाचता येतंय न्हवं?" आन् अंगठा लावला.